बाईची कोंबडी : आफ्रिकी खेड्यांतील परसातल्या कुक्कुटपालनाचा इतिहास

#धागा

१/२५
इ.स. १३५२. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सहारा वाळवंट ओलांडून माली साम्राज्यात पोहोचला. वालाता सोडून राजधानीकडे जाताना त्याने एक गोष्ट आवर्जून नोंदवली. या देशात वाटसरूला शिधा बरोबर न्यावा लागत नाही, सोने-चांदीही लागत नाही. मिठाचे तुकडे, काचेचे मणी आणि थोडी सुगंधी द्रव्ये पुरतात. गाव आले की तिथल्या स्त्रिया धान्य, दूध, तांदूळ आणि कोंबड्या विकायला घेऊन येतात.

२/२५
मालीचा इतिहास सहसा सोन्याच्या अंगाने सांगितला जातो. मनसा मूसाची १३२४ ची हजयात्रा आणि कैरोत त्याने उधळलेले सोने हे किस्से सर्वांना ठाऊक असतात. सोने राजाचे होते. कोंबडी मात्र त्या अनाम स्त्रीची होती. तिने ती पाळली, तिनेच तिचे मोल ठरवले आणि मोबदल्यात मीठ घरात आणले. हा धागा तिच्या त्या कोंबडीविषयी आहे.

३/२५
पहिले आश्चर्य असे की कोंबडी मूळची आफ्रिकेतली नाही. तिचा पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील लाल रानकोंबडा. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीशीर हाडे थायलंडमधील बान नोन वाट येथे मिळाली असून ती इ.स.पू. सुमारे १६५० ते १२५० या काळातली आहेत. भात आणि तृणधान्यांची शेती जिथे रुजली, तिथे सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने हा रानपक्षी माणसाजवळ आला, असे आज अनेक संशोधक मानतात.

४/२५
आफ्रिकेत ती प्रथम दिसते इजिप्तमध्ये, तीही चित्रात. राजांच्या दरीत हॉवर्ड कार्टरला चुनखडीचा एक तुकडा सापडला. त्यावर तुरा उभारून चालणारा कोंबडा रेखाटलेला आहे. हे चित्र इ.स.पू. १३०० ते ११०० च्या दरम्यानचे मानले जाते. पण तेव्हा हा पक्षी तिथे अपूर्वाईचा होता. इजिप्तच्या घरोघरी कोंबडी रुळली ती त्यानंतर हजारएक वर्षांनी, टॉलेमी राजांच्या काळात.

५/२५
दुसरा पुरावा खेड्यातला आहे आणि म्हणून अधिक मोलाचा. उत्तर इथिओपियातील तिग्राई प्रदेशात मेझबर नावाचे प्राचीन शेतकरी वस्तीचे स्थळ आहे. तिथल्या कोंबडीच्या हाडाचे थेट कालमापन झाले, तेव्हा तारीख निघाली इ.स.पू. ८२० ते ५९५. हेलिना वोल्देकिरोस आणि कॅथरीन डॲन्ड्रिया यांनी २०१६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध केले. अक्सूमचे राज्य उभे राहण्यापूर्वीच तिग्राईच्या शेतकऱ्याच्या घरात कोंबडी होती.

६/२५
तिसरी वाट समुद्राची. पूर्व किनाऱ्यावरील उत्खननांतून दिसते की इ.स. पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात हिंदी महासागरातील जहाजांबरोबर दोन आशियाई जीव तिथे उतरले. एक कोंबडी, दुसरा काळा उंदीर. पहिलीला माणसाने मुद्दाम आणले, दुसरा न बोलावता आला. १३३१ मध्ये इब्न बतूता मोगादिशूला गेला, तेव्हा तिथल्या पाहुणचारात तूपभातासोबत कोंबडीचे कालवण होतेच.

७/२५
जनुकीय अभ्यासही याला दुजोरा देतो. आफ्रिकेतील गावठी कोंबड्यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएमध्ये, म्हणजे आईकडून येणाऱ्या वारशात, किमान दोन वेगळे प्रवाह दिसतात. एकाचे नाते भारतीय उपखंडाशी, तर दुसऱ्याचे आग्नेय आशियाशी जुळते. मान्सूनच्या वाऱ्यावर भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे कापड आणि मणी जात. तो व्यापार बखरी आणि प्रवासवर्णनांत आला. खुराड्यातून गेलेल्या प्रवाशाची नोंद मात्र रक्तातच राहिली.

८/२५
हा इतिहास इतक्या उशिरा का कळला? कोंबडीची हाडे लहान व ठिसूळ असतात, चाळणी बारीक नसेल तर ती मातीबरोबर निघून जातात. शिवाय आफ्रिकेत तिचे दोन स्थानिक भाऊबंद आहेत : गिनी फाउल आणि तित्तिर. तिघांची हाडे फार सारखी दिसतात. केव्हिन मॅकडोनाल्ड यांनी १९९२ मध्ये ती वेगळी ओळखण्याच्या खुणा मांडल्या, त्यानंतरच सहाराच्या दक्षिणेकडील पुराव्यांवर भरवसा ठेवता येऊ लागला.

९/२५
गिनी फाउल मात्र अस्सल आफ्रिकेचा. करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेला हा पक्षी पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात माणसाळवला गेला. पण तो अर्धा रानटीच राहिला. अंडी झुडपात घालतो आणि पिल्लांची निगा नीट राखत नाही. म्हणून बुर्किना फासो आणि उत्तर घानातील घरांत त्याची अंडी कोंबडीखाली उबवायला ठेवतात. पाहुणी म्हणून आलेली कोंबडी अशी यजमानाच्या पिल्लांची दाई झाली.

१०/२५
बुर्किना फासोमधील किरिकोंगो या लोहयुगीन वस्तीत पहिल्या सहस्रकाच्या मध्यापासून कोंबडीची हाडे मिळतात. उत्खनक स्टीफन ड्युपेन यांच्या मते तिचे महत्त्व मांसापुरते नव्हते. देवाला, पूर्वजांना बळी द्यायचा तर बैल किंवा बकरा कापणे मोजक्याच घरांना परवडते. कोंबडी कुणालाही परवडते. ती आली आणि पूर्वजांशी बोलण्याचे साधन गरिबाच्याही हाती आले.

११/२५
पुढे ती सृष्टीच्या कथेतही शिरली. नायजेरियातील योरुबा लोकांच्या परंपरेत आरंभी सर्वत्र पाणी होते. ओदुदुवा आकाशातून खाली उतरला, त्याने पाण्यावर माती ओतली आणि बरोबर आणलेली कोंबडी तिच्यावर सोडली. कोंबडीने पायांनी माती उकरून चहूकडे पसरवली आणि जमीन तयार झाली. ते ठिकाण म्हणजे इले-इफे हे पवित्र नगर. आशियातून आलेला पक्षी इथे भूमीचा निर्माता ठरला. परकेपणाचा मागमूसही उरला नाही.

१२/२५
भाषांतही ती अशीच मुरली. स्वाहिलीत कोंबडीला 'कुकू' म्हणतात, शोनात 'हुकू', झुलूत 'इनकुखू'. संस्कृतातला 'कुक्कुट' लगेच आठवतो. मात्र या साम्यावरून शब्दांच्या प्रवासाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पक्ष्याच्या आवाजावरून नाव ठेवण्याची खोड जगभरातल्या माणसांना आहे. दोन भाषांनी एकच कोंबडा स्वतंत्रपणे ऐकला, इतकेच त्यातून सिद्ध होते.

१३/२५
आता प्रत्यक्ष पालनाकडे. इथिओपियापासून मोझांबिकपर्यंत तपशील बदलतात, पण चौकट सारखीच आहे. घरटी पाच ते वीस पक्षी. पहाटे दार उघडायचे, मूठभर ज्वारी-मका किंवा कांडणातला कोंडा टाकायचा आणि त्यांना मोकळे सोडायचे. दिवसभर त्या उकिरडा, अंगण आणि कापणी झालेले शेत धुंडाळतात. किडे, बिया, सांडलेले दाणे हेच त्यांचे अन्न. माणसाच्या ताटाशी त्यांची स्पर्धा नसते.

१४/२५
सांज झाली की निवारा. इथिओपियाच्या थंड पठारावर कोंबड्या बहुधा माणसांच्याच घरात, आडव्या दांडीवर बसतात. मोझांबिक, मलावी, झिंबाब्वे येथे लाकडी खांबांवर उचललेली, गवताने शाकारलेली छोटी खुराडी दिसतात. साप आणि मुंगूस यांपासून तेवढेच संरक्षण. लहान पिल्लांसाठी विणलेले डालगे असते. दिवसा घारीच्या भीतीने कोंबडी व पिल्ले त्याखालीच झाकून ठेवतात.

१५/२५
या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे खुडूक कोंबडी. ती वर्षातून तीन-चार वेळा दहा-पंधरा अंडी घालते, म्हणजे वर्षाला साधारण ४० ते ६०. मग रवणीला बसते, २१ दिवसांनी पिल्ले काढते आणि कित्येक आठवडे त्यांच्यामागे हिंडते. यंत्र, वीज, विकतचे खाद्य यांपैकी काहीच लागत नाही. उबवणीचे यंत्र, दाई आणि राखणदार ही तिन्ही कामे ती एकटीच करते.

१६/२५
तरी माणसाचे कसब लागतेच. टोगो आणि बुर्किना फासोमध्ये पिल्लांसाठी वाळवी 'पिकवतात'. मातीच्या मडक्यात ओला पेंढा व शेण भरायचे आणि ते वारुळाच्या तोंडावर पालथे घालायचे. काही काळाने मडके वाळवीने भरून जाते. ते उचलून पिल्लांपुढे झटकले की प्रथिनांनी भरलेला खाऊ तयार, तोही फुकट. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते घरच्या मोठ्यांकडून मुलांकडे हातोहात गेले.

१७/२५
मालकीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. अनेक समाजांत जमीन कुळाची आणि गुरे पुरुषांची असत. स्त्रीला व पोरांना स्वतःचे म्हणता येईल असे धन म्हणजे कोंबडी. कोंबड्या साठवून बकरी घ्यायची, बकऱ्यांवरून गाय, अशी शिडी अनेक देशांत आढळते. जिच्याकडे एकही पक्षी नाही तिला शेजारीण किंवा नातलग तलंग पाळायला देते आणि निघालेली पिल्ले दोघी वाटून घेतात. भांडवलाशिवाय शिडीची पहिली पायरी चढण्याची ही सोय होती.

१८/२५
पण याच अंगणात एक बोचरा विरोधाभास होता. जी पाळी, तिला खाण्याची मुभा नसे. सहाराच्या दक्षिणेकडील अनेक समाजांत वयात आलेल्या स्त्रियांना अंडी निषिद्ध होती, काही ठिकाणी कोंबडीचे मांसही. युगांडातील बुगांडा राज्यात स्त्रिया कोंबडी खात नसत. हा निर्बंध विसाव्या शतकात सैल झाला. तिथल्या विवाहविधीत आजही वराकडून वधूच्या भावाला कोंबडा दिला जातो. कोंबडी वाढवणारे हात आणि मान मिळवणारे हात वेगळे होते.

१९/२५
अधिकाराचा असाच भेद आझान्दे लोकांत दिसतो. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९२० च्या दशकात सुदानमध्ये त्यांचा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये ग्रंथ लिहिला. आझान्दे कोंबडीच्या पिल्लाला 'बेंगे' नावाचे विष देऊन प्रश्न विचारत. पिल्लू मेले की जगले, यावरून चेटूक, व्यभिचार, आजारपण यांचे निवाडे होत. त्यांच्या कुक्कुटपालनाचा मुख्य हेतूच हा कौल होता. स्त्रियांना मात्र त्याच्या जवळपासही फिरकता येत नसे.

२०/२५
इथिओपियात तीच कोंबडी सणाची राणी. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत ईस्टरपूर्वी सुमारे ५५ दिवसांचा उपवास असतो. मांस, अंडी, दूध सारे वर्ज्य. उपवास सुटतो तो 'डोरो वट' या झणझणीत कालवणाने. परंपरेप्रमाणे कोंबडीचे बारा तुकडे केले जातात आणि रश्श्यात अख्खी उकडलेली अंडी घालतात. सणाच्या आधी बाजारात कोंबडीचा भाव चढतो. जाणती बाई आपली रवण त्या तारखेचा हिशेब ठेवून बसवते.

२१/२५
मग वसाहती सत्ता आल्या आणि त्यांचीही नजर या खुराड्यावर पडली. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोतील अत्याचारांवर ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट यांचा अहवाल १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. रबराच्या सक्तीबरोबरच ठाण्यांना अन्न पुरवण्याचा जाच त्यात तपशिलाने आला आहे. कसावाच्या भाकऱ्या, मासे, बकऱ्या आणि कोंबड्या हे सारे गावांनी ठरल्या दिवशी पोहोचवायचे. पूर्वी मीठ-मण्यांच्या बदल्यात विकली जाणारी कोंबडी आता कर म्हणून ओढून नेली जाऊ लागली.

२२/२५
सरकारी पशुवैद्यकाला मात्र कोंबडी दिसत नव्हती. १८९० च्या दशकात बुळकांडीच्या साथीने पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील गुरे प्रचंड संख्येने मेली. पशुवैद्यकीय खात्यांची जडणघडण अशा गुरांच्या साथींभोवतीच झाली. गुरे म्हणजे पुरुषांची संपत्ती, कर आणि निर्यात. बाईच्या दहा कोंबड्या मेल्या तर ती नोंद कोणत्या वहीत करायची? ती वहीच नव्हती.

२३/२५
विसाव्या शतकाच्या मध्यावर 'सुधारणा' आली. गावठी कोंबडे काढून ऱ्होड आयलंड रेड, व्हाइट लेगहॉर्न यांसारख्या विलायती जातींचे नर वाटायचे, अशा योजना अनेक देशांत राबवल्या गेल्या. इथिओपियात १९५० च्या दशकापासून कृषी महाविद्यालयांनी विलायती जाती आणल्या. अंडी वाढली, पण संकरित मादी खुडूक होईना आणि पिल्ले राखीना. तिला विकतचे खाद्य हवे, औषध हवे. ४० अंड्यांच्या कोंबडीला अधिकाऱ्यांनी आळशी ठरवले होते. तिच्या मालकिणीचा हिशेब मात्र पिल्लांचा होता, अंड्यांचा नव्हे.

२४/२५
खरा शत्रू वेगळाच होता. १९२६ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ओळखला गेलेला रोग, जो भारतात 'राणीखेत' आणि मराठी गावांत 'मानमोडी' म्हणून परिचित आहे. साथ आली की आठवड्यात खुराडे रिकामे. लस होती, पण तिला सतत थंडावा लागे आणि खेड्यात वीज नव्हती. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांच्या गटाने उष्णता सोसणारी 'आय-२' लस विकसित केली आणि तिचे मूळ बीज विकसनशील देशांना विनामूल्य दिले. मोझांबिक, टांझानिया, मलावी येथे ती गावोगावी गेली. दर चार महिन्यांनी डोळ्यात एक थेंब. तो थेंब घालायला गावातल्याच स्त्रियांना शिकवले गेले, आणि कोंबडीमागे अल्पसे शुल्क त्यांना मिळू लागले.

२५/२५
या दोन प्रयत्नांतील फरक साधा आहे. पहिल्याने कोंबडी बदलायला घेतली, दुसऱ्याने ती जगवली. पहिल्याने मालकिणीला काही विचारले नाही, दुसऱ्याने कामच तिच्या हाती दिले. इब्न बतूताला १३५२ मध्ये दिसलेली बाजारातली स्त्री कोणत्याही राजवंशाच्या यादीत नाही. पण वालाताच्या वाटेवर जो व्यवहार तिने केला, तो आजही आफ्रिकेतील असंख्य आठवडी बाजारांत चालतो. पाय बांधलेली कोंबडी हातात घेऊन बाई बाजारात येते, आणि परत जाताना तिच्या हाती मीठ, रॉकेल किंवा मुलाची वही असते.

(समाप्त)